मैत्री सोबत न्या, भीड घरी ठेवा

‘तो आहे ना बरोबर, मग काही काळजी नाही.’

गाव सोडून पुण्या-मुंबईला निघालेल्या जवळपास प्रत्येकाच्या घरात हे वाक्य एकदा तरी ऐकू येतं. लातूर असो, जळगाव असो की सावंतवाडी, जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘सोबत कोण आहे?’ कॉलेज कुठलं, कंपनी कुठली, पगार किती हे सगळं नंतर. शाळेपासूनचा मित्र किंवा वर्गातली मैत्रीण सोबत आहे म्हटलं की आईचा जीव भांड्यात पडतो, वडील डिपॉझिटचे पैसे काढून देतात आणि आपणही निर्धास्त होतो. एका रूमवर आपण दोघं, अजून काय पाहिजे?

अजून बरंच काही पाहिजे, असं माझं मत आहे. मित्रासोबत नव्या शहरात जाणं चांगलंच, जमत असेल तर जरूर जा. पण मैत्री आहे म्हणजे बाकीचं आपोआप जमेल, या भरवशावर जाऊ नका. भाडं कुणाच्या नावावर, खर्च कसा वाटायचा, घरी काय सांगायचं आणि दोघांपैकी एक मध्येच निघून गेला तर काय, या गोष्टी निघायच्या आधी बोलून घ्या. आपण त्या बोलत नाही, कारण बोलायला कसंतरी वाटतं. मग सहा महिन्यांत अशी वेळ येते की दहा बाय दहाच्या खोलीत दोघं कानात हेडफोन घालून एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. भांडण झालेलं नसतं, बोलणं मात्र बंद असतं.

सोबतीचं मोल

सोबतीचे फायदे खरे आहेत. पहाटे साडेचारला स्वारगेटला उतरल्यावर रिक्षावाला सांगेल ते भाडं दोघांत निम्मं होतं. एक जण सामानाजवळ थांबतो, दुसरा तोंड धुऊन चहा घेऊन येतो. ब्रोकर फ्लॅट दाखवतो तेव्हा एकाला बाल्कनी दिसते, दुसऱ्याला भिंतीतली ओल दिसते. रात्री ताप भरला तर मेडिकल शोधायला कुणीतरी असतं. आणि घर शोधताना ऐकावं काय काय लागतं! ‘बॅचलर्सना देत नाही’, ‘आडनाव काय म्हणालात?’, ‘नॉनव्हेज चालणार नाही हं.’ असा नकार ऐकून जिना उतरताना शेजारी आपलं माणूस असलं की तो नकार पचतो. एकट्याला तो आठवडाभर पुरतो.

मुलींच्या बाबतीत तर सोबत म्हणजे थेट परवानगीच असते. ‘तिची मैत्रीण चाललीये म्हणून पाठवतोय’ हे वाक्य वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणींनी स्वतःबद्दल ऐकलं असेल. त्या क्षणी ते बरं वाटतं. पण त्यात एक मेख आहे. मैत्रिणीचं लग्न ठरलं, तिची परीक्षा राहिली किंवा तिला शहर मानवलं नाही आणि ती परत गेली, की तुमची परवानगीही संपते. ‘आता एकटी काय करणार तिथे? ये परत.’ कोर्स अर्धा, नोकरी नुकतीच लागलेली, आणि बॅग भरावी लागते, तेही दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात काहीतरी घडलं म्हणून.

त्यामुळे मुलींनो, घरी बोलताना एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करा, ‘मी तिच्यासोबत चाललेय, तिच्यामुळे नाही.’ तुमची अ‍ॅडमिशन, तुमची नोकरी, तुमचं कारण वेगळं आहे, हे आई-वडिलांना निघायच्या आधी कळू दे. मैत्रीण गेली तर तुम्ही कुठे राहाल याचंही उत्तर तयार ठेवा. कॉलेजचं हॉस्टेल, नोकरी करणाऱ्या महिलांसाठीची वसतिगृहं, सरकारची ‘सखी निवास’ योजना यांची माहिती गरज नसतानाच काढून ठेवा. गरज पडेल तेव्हा घरचे फोनवर रडत असतील, शांतपणे माहिती काढायला तेव्हा वेळ मिळणार नाही.

दोघंही खरे, तरी भांडण

आता पैशांचं बोलू. कारण बहुतेक रूम पार्टनर्सची मैत्री इथेच अडते, आणि गंमत म्हणजे त्यात कुणी लबाड नसतं.

समजा, फ्लॅटचं भाडं १८ हजार आहे आणि डिपॉझिट ५४ हजार. दोघांनी २७-२७ हजार भरले. करार अकरा महिन्यांचा, एकाच्याच नावावर, कारण ‘दोघांची कागदपत्रं कशाला, मी आहे ना!’ आठ महिने झाले आणि दुसऱ्याला बेंगळुरूला नोकरी लागली. पार्टी झाली, बॅगा भरल्या. आता त्याला त्याचे २७ हजार हवेत, तिकडच्या डिपॉझिटला लागणार आहेत. पण घरमालक म्हणतो, पैसे अकरा महिने संपल्यावरच. इकडे मागे राहिलेल्याला उरलेल्या तीन महिन्यांचं पूर्ण भाडं भरायचंय, म्हणजे ५४ हजार. त्याच्या वाट्याचे होते २७. उरलेले २७ त्याने आणायचे कुठून? एकाचे २७ हजार अडकले, दुसऱ्याच्या अंगावर २७ हजार जास्तीचे आले. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याने आपल्याला अडचणीत टाकलं.

हे एका वाक्याने टळलं असतं. ‘जो आधी सोडेल त्याने दोन महिने आधी सांगायचं किंवा बदली माणूस आणून द्यायचा. त्याचं डिपॉझिट तो बदली माणूस देईल, नाहीतर करार संपल्यावर मिळेल.’ एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दोघांनी ‘ओके’ केलं तरी पुरे. पुढे वाद झाला तर आठवणीवर विसंबावं लागणार नाही.

आणि करारावर दोघांची नावं घाला. हा हट्ट धराच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. अकरा महिन्यांचा आहे म्हणून सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणी आता आधारवर अंगठा देऊन ऑनलाइनही होते. करार झाला की त्याची प्रत दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

नाव कागदावर नसलं की काय होतं? तुम्ही भाडं भरता, झाडू मारता, सोसायटीच्या वॉचमनला दिवाळी देता, पण त्या घरात तुम्ही पाहुणे असता. पत्त्याचा पुरावा मागितला की मित्राकडे बघावं लागतं. घरमालकाचा फोन त्यालाच येतो, तुम्हाला निरोप मिळतो. आणि कधी खटका उडालाच तर ‘रूम माझ्या नावावर आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघायला वेळ लागत नाही. ते एकदा ऐकलं की मग त्या खोलीत झोप लागत नाही.

आपल्या आजोबांचा हिशेब

मित्रामित्रांत हिशेब कसला, असं वाटत असेल तर जरा मागे बघा. मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हा कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून माणसं अशीच गाववाल्यांच्या सोबतीने यायची. गिरणगावात त्यांच्या ‘गावाच्या खोल्या’ होत्या. एका गावातल्या लोकांनी मिळून चाळीत खोली धरायची आणि गावाकडून नवा पोरगा आला की तिथेच उतरवायचा. एकेका खोलीत वीस-वीस जण राहायचे. रात्रपाळीवाला झोपायला यायचा तेव्हा दिवसपाळीवाला कामावर गेलेला असायचा, म्हणून ते जमायचं. माणसागणिक एक ट्रंक, महिन्याची ठरलेली वर्गणी, खानावळीचे पैसे वेगळे. या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया म्हणजे एक मोठी व्यवस्थाच होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांना संघटित करून.

ही माणसं एकमेकांच्या रक्ताच्या नात्यातली, भावकीतली, लहानपणापासूनच्या दोस्तीतली होती. तरी वर्गणी ठरलेली होती आणि हिशेब ठेवला जायचा. त्यामुळे प्रेम कमी झालं, असं कुणाला वाटत नव्हतं. उलट त्यामुळेच एखादा गावी परत गेला, आजारी पडला किंवा लग्न करून वेगळा राहायला गेला तरी खोली मोडायची नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी जणांना गावी परतावं लागलं. तरीही लालबाग-परळच्या भागात अशा गावाच्या काही खोल्या मागे उरल्या. त्यांच्या पाठीशी गावाचं मंडळ होतं. आपल्या टू बीएचकेच्या पाठीशी फक्त आपण दोघं आहोत. म्हणजे आपल्याला हिशेबाची गरज त्यांच्यापेक्षा जास्तच आहे.

आपल्याकडे म्हणच आहे, भीड भिकेची बहीण. भिडेपोटी एक जण महिनोन् महिने गॅसचे पैसे एकटाच भरतो आणि मनात आकडा मोजत राहतो. दुसऱ्याला कल्पनाही नसते. मग एक दिवस दुधाच्या पिशवीवरून स्फोट होतो आणि त्यात आठ महिन्यांचा सिलिंडर बाहेर येतो. त्यापेक्षा दर महिन्याच्या पाच तारखेला दहा मिनिटं बसा. भाडं, वीज, वाय-फाय, मावशींचा पगार, सिलिंडर. सामायिक खर्च निम्मा-निम्मा आणि बाकी ज्याचं त्याचं.

एकाचा निकाल लागतो, दुसऱ्याचा नाही

पैशांपेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. दोघं एकाच दिवशी शहरात येतात, पण शहर दोघांना एकाच वेगाने आत घेत नाही.

सदाशिव पेठेतल्या, शास्त्री रोडच्या आसपासच्या अभ्यासिकांमध्ये जाऊन बघा. एकाच गावचे दोघं, एकच मेस, एकाच नोट्सच्या झेरॉक्स. पूर्वपरीक्षेचा निकाल लागतो, एकाचं नाव यादीत असतं. त्या रात्री त्या खोलीत काय होतं? ज्याचं झालं त्याला मोकळेपणाने आनंद करता येत नाही. ज्याचं राहिलं त्याला मोकळेपणाने रडता येत नाही. हिंजवडीत असंच होतं, फक्त तिथे एकाला ऑफर लेटर येतं आणि दुसरा इंटरव्ह्यूंचे राऊंड मोजत राहतो. पहिल्याला आता एसी हवासा वाटतो, रविवारी बाहेर जेवावंसं वाटतं. दुसरा मेसचं कार्ड बघून अजून किती जेवणं उरलीत ते मोजत असतो.

यात चूक कुणाचीच नाही. पण हे होणार हे आधी मान्य केलेलं बरं. ‘आपल्यापैकी एकाचं आधी होईल. तेव्हा काय करायचं?’ हा प्रश्न दोघं एकाच पायरीवर असतानाच विचारता येतो. नंतर तो विचारला की टोमण्यासारखा लागतो. ज्याचं आधी झालं त्याने आपलं राहणीमान दुसऱ्यावर लादू नये, एसी हवा असेल तर त्याचं बिल त्याने भरावं. ज्याचं राहिलं त्याने मदत घेतली तर किती आणि कधीपर्यंत, ते ठरवून घ्यावं. आणि वेगळं राहायची वेळ आली तर मैत्री संपली असं समजू नये. काही मैत्र्या एका छताखाली टिकत नाहीत, पण दोन स्टॉपच्या अंतरावर छान टिकतात.

काकूंचा फोन

आणखी एक प्रसंग हमखास येतो. मित्राच्या आईचा तुम्हाला फोन येतो. ‘अरे, तो अभ्यास करतो ना? रात्री कितीला येतो? फोन का उचलत नाही?’ मैत्रिणीच्या आईचे प्रश्न याहून बारीक असतात. तुम्ही खरं सांगितलं तर चुगली, खोटं सांगितलं तर उद्या तुमच्याच अंगावर येणार. ज्या सोबतीच्या भरवशावर पोरांना पाठवलं, तीच सोबत घरच्यांना पहारा म्हणूनही वापरायची असते.

म्हणून हेही दोघांत ठरवा. माझा साधा नियम असा असेल की आजारपण आणि अपघात लगेच कळवायचा. बाकी सगळ्याला एकच उत्तर, ‘काकू, मी तिला तुम्हाला फोन करायला सांगते.’ सुरुवातीला काकू रागावतील, पण दोन-तीन वेळा हेच उत्तर मिळालं की थेट लेकीलाच विचारायला लागतील.

या नियमाला एकच अपवाद. मित्र जेवत नाही, झोपत नाही, खोलीतून बाहेर पडत नाही, ‘आता जगून काय करायचं’ असं बोलतो, तर तिथे गुपित पाळायचं नाही. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला लगेच सांगा, डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तो दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह असू द्या. रूममेटचं वागणं बदललंय हे गावाकडच्या आईच्या आधी तुम्हाला दिसतं. त्याचा राग पत्करावा लागला तरी चालेल, पण गप्प बसू नका.

आपापलं शहर

शेवटचा मुद्दा थोडा उलटा वाटेल. सोबत आलात, तर थोडे वेगळे फिरा.

दोघं जिवाभावाचे मित्र एकत्र असले की त्यांना तिसऱ्याची गरज वाटत नाही. गावाकडची बोली, गावाकडचे विषय, जेवायला दोघं, फिरायला दोघं. वर्षभर पुण्यात राहून माहीत काय होतं, तर रूम ते क्लास आणि क्लास ते मेस. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं. मग मित्र गेला की अख्खं शहर एका दिवसात परकं होतं, कारण ते आपलं कधी झालेलंच नसतं.

त्यामुळे आठवड्यातली एक संध्याकाळ एकट्याने काढा. पीएमपीच्या बसमध्ये बसा आणि अनोळखी स्टॉपवर उतरा. तळजाईवर जा. १८४८ पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. मित्राला क्रिकेट आवडतं आणि तुम्हाला नाटक, तर रविवारी तो मैदानावर आणि तुम्ही सुदर्शनला, यात वाईट काय? रात्री जेवताना एकमेकांना सांगायला तरी काही राहील. अडचणीला धावून येतील अशी दोन-तीन माणसं प्रत्येकाची वेगवेगळी असू द्या. एखादी मेसवाली मावशी, ऑफिसातली सीनियर, लायब्ररीतला कुणी.

कुणी म्हणेल, एवढं सगळं ठरवून जायचं तर ती मैत्री कसली, ते लग्नच झालं की! खरं सांगायचं तर नव्या शहरातलं पहिलं वर्ष लग्नापेक्षा सोपं नसतं. लग्नात निदान दोन्हीकडची माणसं मध्ये पडून बोलणी करतात, इथे बोलणी आपल्यालाच करायची असतात. आणि या गोष्टी ज्याच्याशी बोलता येत नाहीत, त्याच्यासोबत अकरा महिने एका खोलीत राहता येईल का, हा प्रश्न स्वतःला आधी विचारलेला बरा.

लातूरहून किंवा जळगावहून पुण्याची गाडी रात्रभर चालते. निघायच्या आधी बोलायचं राहून गेलंच असेल तर पहिल्या तासाला गाणी ऐका, भडंग संपवा. मग मोबाइल बाजूला ठेवा आणि विषय काढा. नाव कुणाचं, पैसे कसे, घरी काय सांगायचं आणि एक जण आधी निघाला तर काय. पहिलं वाक्य बोलायला जड जाईल. पण अर्धी वाट सरेपर्यंत सगळं बोलून झालेलं असेल आणि उरलेली रात्र निवांत झोप लागेल.